बदलीचं रक्त

आमच्या लॅबमध्ये माझ्यावर आवाज चढवायची हिंमत फक्त मशीनची आहे. सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात लोकांचं रक्त तपासते आहे, आणि माझा राग नाकावर असतो हे आमच्या मॅडमपासून रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. नळीवर नाव नीट लिहिलं नाही की मी बोलते. उपाशीपोटी यायला सांगितलेला माणूस मिसळ चापून आला की त्याला उभ्याउभ्या परत पाठवते. बाई तोंडाची फटकळ आहे, असं लोक मागनं म्हणतात. म्हणू देत. त्याच तोंडानं मी माझा भाऊ ओढून परत आणलाय, आणि ही गोष्ट मी ताठ मानेनं सांगणार आहे.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे नेसरीचे. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर काम करतो, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओततो, आणि उचगावात घर बांधून राहतो. तरुणपणी तालमीत गेलेला गडी, अजून खांदे दारात मावत नाहीत. त्यांच्या मंडळाचं दरवर्षी रक्तदान शिबिर असायचं आणि पहिली बाटली ह्याची, असा त्याचा मान. काही वर्षांपूर्वी शिबिर झालं आणि आठवड्यानं ब्लड बँकेतून फोन आला, जरा येऊन जा. रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. आधीच्या शिबिरांत कसा निसटला आणि कधीपासून होता कोण जाणे, बहुधा लहानपणीच घरातून लागला असावा. मी त्याच दिवशी माझंही रक्त तपासलं. माझं स्वच्छ निघालं. आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसती लाज वाटत राहिली.

ह्या रोगाचा कावा असा की तो यकृतात वर्षानुवर्षं गप बसतो. माणूस खातो, पितो, ढेकर देतो. आणि मग एखाद्याच्या यकृतात एक दिवस गाठ धरते. आमच्या वडिलांचं, आण्णांचं, तसंच झालं असणार. त्या वेळी गावात सगळ्यांनी जलोदर म्हणून सोडून दिलं. काविळीची माळ घातली, नाकात कसला रस पिळला, आणि पोट टम्म फुगल्यावर त्यांना कोल्हापूरला आणलं. एसटीतून उतरून ते स्वतःच्या पायानं दवाखान्यात चालत गेले होते. डॉक्टरांनी रोगाचं नाव त्यांच्या तोंडावर सांगितलं. घरी नेलं ते आण्णा अंथरुणातून परत उठले नाहीत, आणि महिना पुरा व्हायच्या आत गेले. दादा तेव्हा पंचविशीत होता. मी त्याच वर्षी लॅबचा कोर्स धरला.

म्हणून दादाचं निघालं तेव्हा मी कंबर कसली. यकृताच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि सांगितलं, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्तातलं एएफपी, चुकवायचं नाही. एएफपी हे एक प्रथिन. बाळ पोटात असताना त्याचं यकृत ते भरपूर बनवतं, जन्मल्यावर बनवायचं बंद करतं. मोठ्या माणसाच्या रक्तात ते परत वाढायला लागलं तर यकृतात कोणीतरी भलतंच वाढतंय की काय, अशी शंका घ्यायची. नुसती शंका, पुरावा नव्हे. कधी दुसऱ्या कारणानंही वाढतं, आणि कधी गाठ असूनही वाढत नाही. आमच्या लॅबमध्ये दहाच्या आत असलं की रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं.

दादा शिरोली नाक्याजवळच्या आमच्या कलेक्शन सेंटरवर रक्त द्यायचा, नळी शहरात माझ्याकडे यायची. मी आकडा बघायची आणि घरी कॅलेंडरच्या जुन्या पानामागं पेन्सिलीनं टिंब काढून ठेवायची. पहिलं टिंब तीनावर. दुसरं जरा वर. तिसरं चारावर. चौथ्या खेपेला साडेसहा. सगळं दहाच्या आत, सगळं नॉर्मल. मी दादाला नेहमीसारखा फोन करून आकडा सांगितला. तो म्हणाला, म्हंजे पासच की. मी नुसतं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

पाचव्या खेपेला सकाळी त्याची नळी आली तेव्हा मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. मशीननं आकडा दिला, दोन पूर्णांक एक. मी खुर्चीतून उठलेच. कोपऱ्यावरच्या दुकानातनं पेढे मागवले, मॅडमना दिले, वहिनीला फोन लावून सांगितलं की तुमच्या माणसाचं यकृत वीस वर्षांच्या पोरासारखं झालंय. वहिनी मुळात कमी बोलणारी बाई. ती फोनवर रडली.

आता लाज सोडून सांगते. आमच्या कामात एक पद्धत असते, आजचा आकडा त्याच माणसाच्या जुन्या आकड्याशी ताडून बघायचा. फार फरक पडला तर संगणक लाल पट्टी दाखवतो आणि विचारतो, हे पुढं पाठवू का? ती पट्टी बघायची नाही म्हणून मी किती मुलींना फाडून खाल्लंय त्याला हिशेब नाही. त्या दिवशी दादाच्या नावापुढं लाल पट्टी आली होती. त्याच्या प्लेटलेट्स कायम सव्वा लाखाच्या आसपास, यकृत थोडं निबर झाल्यामुळं कमी. त्या दिवशी त्या होत्या दोन लाख नव्वद हजार. आणि मी, सव्वीस वर्षांची अनुभवी बाई, पेढा तोंडात ठेवून ‘पाठवा’वर बोट दाबून मोकळी झाले होते.

दुपारी चहा घेताना ते लक्षात आलं. दोन लाख नव्वद. प्लेटलेट्स अशा उड्या मारत नाहीत. कप तसाच ठेवला. उरलेली नळी फ्रीजमधून काढली आणि सगळ्यात सोपी तपासणी केली, रक्तगट. दादाचा बी पॉझिटिव्ह, ते तालमीच्या भिंतीवरच्या यादीत वीस वर्षं लिहिलेलं आहे. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दोन थेंब घेतले, पहिल्यात ए गट ओळखायचं औषध मिसळलं, दुसऱ्यात बी ओळखायचं. बी असेल तर दुसऱ्या थेंबात गुठळ्या धरायला हव्यात. एकाही थेंबात काही धरलं नाही. ओ गट. हे रक्त माझ्या भावाचं नव्हतं.

आधी मी सेंटरवरच्या बाईंना फोनवर धारेवर धरलं. त्या बिचाऱ्या शपथेवर सांगत होत्या की नळी बदललेली नाही, पेशंट समोर बसला, नाव विचारलं, त्यानं पूर्ण नाव सांगितलं, जन्मसालही सांगितलं. कसा दिसत होता, विचारलं तर म्हणाल्या, बारीक, उंच, टक्कल पडलेला. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बारीक, उंच, टक्कल पडलेला म्हणजे दादाचा भट्टीवरचा जोडीदार.

ह्यांच्यात बदली करायची जुनी रीत. एकाला लग्नाला जायचं असलं की दुसरा त्याची पाळी उचलतो, परत तो ह्याची उचलतो, आणि मुकादम बघून न बघितल्यासारखं करतो. वीस वर्षं ह्या दोघांनी एकमेकांच्या पाळ्या केल्यात. ह्या खेपेला दादाची सकाळपाळी होती आणि जोडीदाराची दुपारपाळी. जोडीदार सकाळी रिकामा. तर ह्या शहाण्यानं रक्ताचीच बदली लावली होती.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मॅडमना सांगितलं, रिपोर्ट परत घ्या, मी येते तासाभरात, आणि स्कूटर काढून थेट शिरोली गाठली. फाउंड्रीच्या फाटकावर पाळी सुटायची वेळ. आतली माणसं डोळ्यांपर्यंत काळी होऊन बाहेर येत होती, बाहेरची डबे घेऊन आत चालली होती. हे दोघे फाटकाशेजारी चहाच्या टपरीवर हसत उभे. मी स्कूटर मधोमध लावली.

“दादा, बाह्या वर कर.”

मी स्वतःच त्याच्या दोन्ही बाह्या सारल्या. काजळी, जुने भाजल्याचे डाग, बाकी काही नाही. मग जोडीदाराकडं वळले. त्याला पळायला जागा नव्हती. त्याच्या डाव्या कोपरात आमच्या सेंटरची चिकटपट्टी आणि कापसाचा बोळा, सकाळपासून तसाच. तो पुटपुटला की ताई, आमी एकमेकाचं काम करतो की, ह्यात काय एवढं. मी त्याला टपरीवरच्या पंधरा माणसांदेखत जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. एवढंच सांगते, तू याचं लोखंड ओतशील रे, पण याच्या यकृतातली गाठ तुझ्या अंगात बदलीवर जाणार आहे काय, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

दादा आधी हसण्यावारी न्यायला बघत होता. सकाळी चहा-पोहे झालतं, उपाशी न्हवतो, म्हणून ह्याला धाडला, असलं काहीबाही. मी म्हटलं, ह्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही हे तुला चार वेळा सांगितलंय. मग त्यानं हातातला ग्लास ठेवला आणि म्हणाला,

“मागच्या खेपेला साडेसहा सांगितलंस आन् फोनवर गप झालतीस. तू कधी गप ऱ्हातीस व्हय? तवाच मी समजलो. आण्णांना नाव सांगितलं न्हवतं तवर ते चालत हुते की, बारके. मला नाव नगं. मला चालू दे.”

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. म्हणजे त्याला मीच घाबरवला होता. उभ्या आयुष्यात एकदा गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यानं माझा पैलवान भाऊ पळाला. मी रडले, तिथंच, स्कूटरला टेकून. आणि मग त्याला सांगितलं की आण्णा नाव ऐकून गेले नाहीत, आण्णा उशीर होऊन गेले, आणि आपल्याजवळ अजून वेळ आहे. बस मागं.

तसाच काजळीच्या कपड्यात त्याला मागं बसवून मी लॅबमध्ये आणला. वाटेत दोन सिग्नलना लोक आमच्याकडं बघून हसत होते, हा एवढा धिप्पाड काळा माणूस आणि पुढं मी. रक्त माझ्या हातानं काढलं. एएफपी नऊ पूर्णांक चार. दहाच्या आत. नॉर्मल.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली. त्यात गाठ दिसली नाही, फक्त शेवटी एक ओळ होती की यकृताचा वरचा भाग बरगड्यांमुळं नीट दिसला नाही. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, सहा महिन्यांनी परत करू. मी पर्समधून कॅलेंडरचं पान काढून त्यांच्या टेबलावर पसरलं. बदलीचं टिंब मी खोडून टाकलं होतं. उरलेली पाच टिंबं पट्टीनं जोडली होती. सगळ्या तपासण्या एकाच लॅबच्या, एकाच मशीनवरच्या, त्यामुळं मशीनचा फरक म्हणायलाही वाव नव्हता. रेघ जिन्यासारखी चढत होती. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, पण माणूस सरळ. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, पान जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाले, ताई, तुमचं बरोबर आहे, सहा महिने थांबायचं नाही. त्यांनी सीटी स्कॅन लिहून दिला आणि सोबत रक्ताची आणखी एक तपासणी, पिव्का.

ही आमच्याकडं होत नाही, नळी पुण्याला जाते. दादानं विचारलं, हे आणि काय नवीन? मी त्याला समजावलं की रक्त गोठायला एक प्रथिन लागतं, ते यकृत बनवतं. बनवून झालं की शेवटचा एक हात फिरवून ते कामाजोगं करतं. गाठीतल्या पेशी तो शेवटचा हात फिरवतच नाहीत, तसंच अर्धवट रक्तात सोडून देतात. ते अर्धवट प्रथिन किती आहे, हे पिव्का मोजते.

“म्हंजे रिजेक्ट माल की,” दादा म्हणाला. “रिजेक्ट वाढलं की समजायचं भट्टीत काय तरी बिघाडलंय. मग भट्टी उघडूनच बघाय पायजे.”

सव्वीस वर्षांत मला कोणत्या पुस्तकानं हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. आणि त्या वाक्यानंतर त्याची भीती निम्मी उतरली, कारण आता ही त्याच्या माहितीतली गोष्ट झाली होती. सीटीच्या आदल्या दिवशी तो वहिनीला हेच समजावत बसला होता, भट्टी, साचा, रिजेक्ट, सगळं हातवारे करून.

पिव्का चाळीसच्या आत असावी लागते. आली दोनशे बारा. सीटीत गाठ दिसली, अगदी वर, सोनोग्राफी जिथं पोचली नव्हती तिथं. दोन सेंटिमीटर. एकच. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवलं. मी दादाकडं बघत होते, आता नाव उच्चारलं जाणार आणि हा आण्णांसारखा आडवा होणार, ह्या धास्तीनं माझा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टर म्हणाले, यकृताचा कॅन्सर आहे, लहान आहे, कापून काढता येईल, बाकीचं यकृत त्याला पुरं पडेल. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग उठून उभा राहिला आणि विचारलं, कवा यायचं ते सांगा, मला रजेचा अर्ज द्याय पायजे. तो स्वतःच्या पायानं चालत बाहेर आला, जिना उतरला आणि म्हणाला की भूक लागलीय. वहिनीनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

ऑपरेशन इथंच, कोल्हापुरात झालं. आदल्या दिवशी ब्लड बँकेत रक्त द्यायला माणसं हवी होती, तर फाउंड्रीतले नऊ जण पाळी संपवून तसेच आले. सगळ्यात पुढं टक्कल पडलेला जोडीदार. मला बघून त्यानं हात वर केला आणि सांगितलं की ताई, आज माझ्याच नावानं हाय. मी त्याच्याकडं बघून हसले, आणि नंतर त्याला स्वतःच्या हातानं केळं सोलून दिलं. त्या पोरखेळाबद्दल मी त्याला अजून पूर्ण माफ केलेलं नाही, पण दादाच्या सगळ्या पाळ्या त्यानं तीन महिने उचलल्या, हेही विसरलेले नाही.

गाठ निघाली. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे मागं काही उरलं नव्हतं. दादा आठव्या दिवशी घरी आला, तिसऱ्या आठवड्यात उचगावच्या चौकात उभं राहून लोकांना पिव्का समजावून सांगायला लागला. आता तर त्याचं वेडच झालंय. फाउंड्रीतल्या एकेकाला गाठून हिपॅटायटिसची तपासणी करायला लावतो, नसेल त्याला लस टोचून घ्यायला लावतो. गेल्या महिन्यात आमच्या सेंटरवर एक नवखा माणूस सुईला बघून मागं सरकत होता, तर हा रांगेतून ओरडला की पावणं, हात काढा, हितं बदली चालत न्हाय. सेंटरवरच्या बाई हे सांगताना हसून लोटपोट झाल्या होत्या.

पण मला खरं सांगायचं आहे ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या तपासणीचं. तीन महिने झाले होते. दादा सेंटरवर गेला नाही, सरळ शहरात माझ्यासमोर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, बाही आधीच दुमडलेली. मी रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, त्याला वाचून दाखवलं. पिव्काची नळी पुण्याला गेली, तिचा आकडा पुढं चोवीस आला. एएफपी मी लगेच मशीनला लावलं. तो बाहेर बाकावर बसून पेपर वाचायचं नाटक करत होता, मी आत मशीनसमोर उभी. अठरा मिनिटं लागतात. आकडा आला, दोन पूर्णांक एक.

बदलीच्या रक्ताचा होता तोच आकडा. दशांशासकट तोच. मी पेढे मागवले नाहीत. वहिनीला फोन केला नाही. रक्त मी माझ्या हातानं काढलं होतं, माणूस माझ्या डोळ्यांसमोर काचेपलीकडं बसला होता, तरी मी पांढरी फरशी काढली, नळीतलं उरलेलं रक्त घेतलं, दोन थेंब ठेवले आणि औषध मिसळलं. पहिला थेंब तसाच राहिला. दुसऱ्यात बारीक बारीक गुठळ्या धरायला लागल्या. बी होतं. दादाच होता.